अर्धी तिच्यासाठी

१

सरोवराकाठच्या आमच्या बालिकची गावात काहीही बिघडलं की लोक उलानवर ढकलतात. दार आपटलं, उलान. डोकं ठणकलं, उलान. नवराबायकोत वाजलं, तरी उलानच. घाटातून सुटून सरोवरावर कोसळणारा हा वारा गावाचा जुना आरोपी आहे, आणि तो बिचारा कधी आपली बाजू मांडायला येत नाही. त्या शरदात मीही बरंच काही त्याच्या नावावर घातलं.

मी झामिरा. एकतीस वर्षं घरोघरी फिरणारी परिचारिका आहे. इंजेक्शनं देते, पट्ट्या बदलते, म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघते आणि त्यांचं ऐकून घेते. शेवटचं काम पगारात धरलेलं नाही, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

सप्टेंबरात सैकाल एजे घरात पडल्या आणि डावं मनगट मोडून घेतलं. आमच्याकडे थोरल्या बाईला एजे म्हणतात, म्हणजे ताईच. वय बाहत्तर. एके काळी बंदरावर क्रेन चालवायच्या. सव्वीस वर्षं वरच्या काचेच्या खोलीत एकट्या बसून त्यांनी कोळसा आणि लाकूड उचललं. नवरा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या. मुलगी दूर तोक्मोक शहरात.

प्लास्टर घालून झाल्यावर आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर कुबातबेकनी त्यांचे जुने कागद चाळले. नवरा गेला त्या वर्षी कुणीतरी भीतीवरची गोळी लिहून दिली होती, सकाळी एक, संध्याकाळी एक. ती अकरा वर्षं तशीच चालू होती. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. ही गोळी थोडे दिवसच घ्यायची असते. या वयात ती पाय लटपटवते, माणूस पडतो, विसरतो. कमी करायची, पण एकदम बंद करायची नाही. एकदम बंद केली तर हात थरथरतात, झोप उडते, नको ते दिसतं, झटकेसुद्धा येतात. आधी दोन आठवडे कागदावर आहे तशी नेमकी घ्यायची, म्हणजे सुरुवात कुठून हे कळेल. मग पाव-पाव करत खाली.

गोळ्यांची पाकिटं माझ्याकडे ठेवायची आणि दोन्ही वेळा मी जाऊन द्यायची, असं ठरलं. माझी फेरी चारला संपायची, म्हणून संध्याकाळची गोळी चारला.

एजेंनी माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "पाच टन लाकूड हवेत तोलून धरत होते मी. आता ही पोर मला मसुरीच्या दाण्याएवढी गोळी मोजून देणार."

२

पहिले तीन दिवस सुरळीत गेले. मी गोळी हातावर ठेवायची, त्या ओट्याकडे जाऊन पाण्याचा पेला घ्यायच्या, मग चहा. एजेंकडचा चहा टाळता येत नसे. जर्दाळूचा मुरंबा, कणकेचे तळलेले गोळे, म्हणजे बोर्सोक, आणि बंदराच्या गोष्टी. वाऱ्यात क्रेन कशी डोलायची, खाली उभे असलेले पुरुष कसे पांढरेफटक पडायचे आणि या वर बसून सूर्यफुलाच्या बिया कशा खायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी हात धुवायला आत गेले. बोळाच्या टोकाला धाकटी खोली होती, मुलीची जुनी. दार बंद होतं. दाराशी जमिनीवर एक बशी ठेवलेली दिसली. मांजरासाठी ठेवतात तशी. एजेंकडे मांजर नव्हतं.

बशीत अर्धी गोळी होती. सुरीने नीट कापलेली.

म्हातारी माणसं गोळ्या साठवतात. कुणी उशीखाली, कुणी जुन्या मोज्यात. त्याचा शेवट कसा होतो हे मी दोनदा बघितलंय. मी बशी उचलून टेबलावर आणून ठेवली आणि विचारलं, हे काय आहे.

एजेंना ना लाज वाटली, ना राग आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अर्धी तिला लागते."

"कुणाला?"

"आहे एक. माझ्यासारखीच घाबरट."

३

मला वाटलं, शेजारीण असेल. आमच्याकडे गोळ्या मिठासारख्या उसन्या मागतात. मी एजेंना समोर बसवलं आणि जे शंभर घरांत सांगितलंय ते पुन्हा सांगितलं. ही गोळी त्यांच्या नावाने लिहिलेली आहे. दुसऱ्याचं काळीज वेगळं, श्वास वेगळा, ती बाई आणखी काय घेते, दारू पिते का, आपल्याला ठाऊक नाही. चांगल्या मनाने दिलेली गोळीही जीव घेऊ शकते.

"जीव जाण्याचं तिला काही वाटत नाही," एजे म्हणाल्या.

"मग घाबरते कशाला?"

"तेच तर सांगत नाही." त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. हात अगदी स्थिर होता.

मग त्यांनी सांगितलं ते असं. नवरा गेला त्या हिवाळ्यात त्यांना श्वास पुरेनासा झाला. छातीत धडधड व्हायची, चार वाजता उजेड पिवळा पडला की घर अंगावर यायचं. गोळी सुरू झाली. पहिली गोळी घेऊन त्या पडल्या, त्यांचा श्वास हळूहळू लांब झाला, आणि तेव्हा त्यांना ऐकू आलं की घरात दुसरा एक श्वास तसाच भरभर चाललाय. धाकट्या खोलीत. आपला श्वास सुटला म्हणून तो ऐकू आला. आठवडाभर त्यांनी ऐकलं. मग एका दुपारी गोळी कापली आणि अर्धी दाराशी ठेवली. तासाभराने बशी रिकामी होती आणि आतला श्वास संथ चालला होता. तेव्हापासून प्रत्येक गोळीची अर्धी त्यांची आणि अर्धी तिची.

"बघितलंय कधी?" मी विचारलं.

"कुणी लपलं असेल तर दार उघडून बघू नये, पोरी."

मी त्या दाराकडे बघितलं, पण उघडलं नाही. कारण सांगायचं तर, मला नंतर दोन पत्त्यांवर जायचं होतं. त्या दिवशी मी स्वतःलाही हेच कारण दिलं.

४

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते तरुण आहेत, पण ऐकून घेतात. ते म्हणाले, झामिरा एजे, बाहत्तर वर्षांच्या बाईला अकरा वर्षं ही गोळी दिली की घरात पाहुणे दिसणारच, म्हणून तर कमी करायची. आणि एजे बहुतेक गोळ्या कुठेतरी साठवतायत. मी घर शोधायचं आणि इथून पुढे त्यांना समोर गिळायला लावून तोंड उघडून बघायचं.

मी शोधलं. पिठाचे डबे, गाद्या, कपाटाचा माथा, सगळीकडे. धाकट्या खोलीच्या दाराची कडी तेवढी माझ्या हाताने सरकली नाही. गंजली असेल म्हणून सोडून दिली. गोळ्या सापडल्या नाहीत. अकरा वर्षांच्या अर्ध्या गोळ्या म्हणजे निदान चार हजार गोळ्या. त्या गेल्या कुठे, हा प्रश्न मी घरी जाताना उलानमध्ये उडवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून एजे माझ्यासमोर पूर्ण गोळी गिळू लागल्या. जीभ वर, जीभ खाली. त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "आता तिचं काय ते तूच बघ."

त्याच दुपारी भांडी वाजायला लागली. बोळात, धाकट्या खोलीच्या भिंतीला टेकून, काचेचं कपाट होतं. त्यातल्या चहाच्या वाट्या एकमेकींना लागून बारीक किणकिणत होत्या. सतत. हिवतापाच्या माणसाने पाठ टेकली की खाट जशी थरथरते, तशी ती भिंत थरथरत असावी. मी म्हटलं, वारा आहे.

तिसऱ्या दिवशीही किणकिण होती, चौथ्या दिवशी जास्त. पाचव्या दिवशी मी चहा पीत स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत होते. समोरच्या घरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता, आणि प्रत्येक धूर दोऱ्याने ओळंबा सोडावा तसा सरळ वर चालला होता. सरोवर काचेसारखं पडलं होतं. पान हलत नव्हतं.

माझ्या मागे वाट्या किणकिणतच होत्या.

मी कप ठेवला आणि निघाले. जिन्यात मला बरं वाटलं, ते कबूल करते.

५

या सगळ्यात एजेंकडे नीट बघायचं राहून गेलं. त्या शांत झाल्या होत्या. बोलणं कमी, खुर्चीत डुलक्या. बंदराच्या गोष्टी अर्ध्यावर सुटायच्या. मला वाटलं, औषध नीट पोटात जातंय, त्याचा गुण. एकतीस वर्षं हेच काम करणाऱ्या परिचारिकेला असं वाटलं.

सातव्या दिवशी चारला गेले तर दार आतून लावलेलं नव्हतं. एजे खुर्चीत होत्या, मान छातीवर. ओठ निळसर. हाका मारल्या, खांदे हलवले, कानाची पाळी चिमटली. पापणी नुसती थरथरली. मी घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला आठ.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्यांना कुशीवर वळवून हनुवटी वर धरून बसले. बोळाच्या त्या टोकाला वाट्या वाजत होत्या, आणि पहिल्यांदा मला त्या आवाजाचा राग आला नाही. तिथेही कुणीतरी घाबरून मोजत बसलंय, असं वाटलं.

त्यांच्या कोटाच्या खिशात एक पाकीट सापडलं. प्लास्टर घालताना दिलेली दुखण्यावरची जबर गोळी. ती आणि भीतीवरची गोळी एकत्र घेतली की श्वासच मंदावतो. एजे नव्याने काय घेतायत हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर रुग्णालयाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसले. दोषाची गोष्ट त्यांनी काढली नाही. म्हणाले, "दुखण्याची गोळी ती प्लास्टर घातल्यापासून घेतेच आहे. तरी आधी काही झालं नव्हतं. बाई खरं बोलत होती, झामिरा एजे. ती अकरा वर्षं निम्मंच औषध घेत होती. आपण तिला पूर्ण द्यायला लागलो, म्हणजे तिच्या अंगाला दुप्पट झालं."

"मग उरलेलं निम्मं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "नळात टाकत असेल," ते म्हणाले.

६

रुग्णालयात पाचव्या दिवशी एजे नीट शुद्धीवर आल्या. दुखण्याची गोळी बदलली होती. भीतीवरची मात्र बंद केली नव्हती. त्यांच्या अंगाला सवय होती तेवढीच, सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी, चालू ठेवली होती. डोकं लख्ख होतं. डॉक्टरांनी वार विचारला, वर्ष विचारलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. एजेंनी दोनपर्यंत वजाबाकी करून दाखवली आणि विचारलं, पुढे उणे पाच सांगू का.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रागावतील. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी उजव्या हाताने माझा हात दाबला.

"ते राहू दे. बारा दिवस झाले का गं?"

मी हिशोब केला. समोर गिळायला लागल्यापासून बारा दिवस झाले होते.

"बारा दिवस तिला काही मिळालं नाही," एजे म्हणाल्या. "एकदम बंद करायची नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. झटके येतात म्हणाले. मला इथे वेळेवर देता. तिला कोण देणार?"

चेहऱ्यावर भ्रमाचं चिन्ह नव्हतं. शेजारच्या रुग्णाला जेवण मिळालं नाही हे जसं सांगतात, तशा त्या सांगत होत्या.

मी म्हटलं, औषध कुणालाही असं देता येत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ते बरोबर आहे, ती त्यांचीच चूक. अकरा वर्षांपूर्वी पहिली अर्धी ठेवली तेव्हा त्यांना कुणी हे सांगणारं नव्हतं. पण सवय लावली ती लावली. आता तिलाही हळूहळूच सोडवावं लागेल.

त्यांना गरम कपडे आणि ओळखपत्र हवं होतं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडे केलं.

७

ऊन होतं. पहिला बर्फ पडून गेला होता आणि सरोवराचा लखलखाट जिन्यापर्यंत येत होता. मी दार उघडलं. बोळात शांतता होती. वाट्या वाजत नव्हत्या.

तो आवाज असताना मला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी तेव्हा वाटली. थरथर थांबते ती दोन कारणांनी, हे माझ्या धंद्यात पहिल्या वर्षी कळतं.

मी कपाटातून गरम कपडे काढून घेतले. ओळखपत्र घेतलं. पिशवी दाराशी ठेवली. मग बोळात परत आले आणि धाकट्या खोलीच्या कडीला हात लावला. या वेळी ती सहज सरकली.

आत अंधार होता. भर दुपारी. खिडकीवर वरपासून खालपर्यंत गालिचा ठोकलेला होता. आमच्या घरांत गालिचे भिंतीवर टांगतात, खिडकीवर कुणी टांगत नाही. कडेने उजेडाची एक रेघ येत होती. तेवढ्या उजेडात लोखंडी खाट दिसली. खाट आणि भिंत यांच्या फटीत, जमिनीवर, कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. पाठ माझ्याकडे. पाठीचे मणके झग्यातून वर आलेले. मी आले हे कळूनही ते वळलं नाही. त्याचं सगळं लक्ष खिडकीकडे होतं.

आणि एक हात मागे आला. तळवा वर, बोटं जुळवलेली. औषधाची वाट बघणारे रुग्ण धरतात तसा.

मी माझी औषधांची पेटी उघडली. घाईत गोळी सरळ तुटली नाही. जी अर्धी मोठी होती, ती मी त्या तळव्यावर ठेवली. तळवा कोरडा होता आणि तापलेला.

हात मिटला. मग उघडला, आणि त्याने माझं मनगट पकडलं.

मी ओरडले नाही. श्वासच नव्हता. पण तो हात मला ओढत होता ते आपल्याकडे नव्हे, खाली. रस्त्यावर गाडी येताना आई पोराला ओढते तसा. माझे गुडघे जमिनीला टेकले, डोकं खाटेच्या आड गेलं, आणि पकड तशीच राहिली. माझ्या कानाजवळ एक श्वास चालला होता. तो मी मोजला. सवयच ती. मोजताना मध्येच तो थांबला. रोखून धरलेला.

खिडकीवरचा गालिचा आत आला. वाऱ्याने फुगतो तसा नाही. एका जागी, मधोमध, सावकाश, बाहेरून काचेला कुणीतरी कपाळ टेकावं तसा. थोडा वेळ तसाच राहिला. मग मागे गेला.

तिसरा मजला. त्या बाजूला गच्ची नाही, कठडा नाही.

पकड सुटली. मी वळून बघितलं नाही. पिशवी घेतली की नाही तेही आठवत नाही, पण रुग्णालयात पोचले तेव्हा ती माझ्या हातात होती.

८

डॉक्टरांना मी आठवड्याच्या हिशोबात अर्धी गोळी कमी का, हे सांगितलं, म्हणजे सगळंच सांगितलं. ते हसले नाहीत. तुम्ही दमलाय, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः माझ्याबरोबर आले.

खोली रिकामी होती. खाट, धूळ, मुलीची जुनी वह्यांची पेटी. फटीत काही नव्हतं. गोळीही नव्हती. डॉक्टरांनी गालिच्याचे खिळे उपटले, गुंडाळी करून बाहेर नेली आणि म्हणाले, बघा, उजेड आला की अर्धं दुखणं जातं. मी खिडकीपाशी गेले.

काच घट्ट बसवायला चौकटीभोवती बाहेरून लांबी भरतात, वाळून कडक होणारा लगदा. त्या काचेची लांबी निघालेली होती. गळून पडलेली नाही, काढलेली. चारी बाजूंनी, एका सरळ रेषेत, लाकूड स्वच्छ दिसेपर्यंत. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर उरली होती. काच तेवढ्यावर उभी होती.

डॉक्टरांनी वाकून चारी कडा बघितल्या. "उलान," ते शेवटी म्हणाले. मग घरातल्या बाकीच्या खिडक्या त्यांनी उघडून नखाने तपासल्या. तिथली लांबी दगडासारखी होती. सोमवारी काचवाला बोलवायचं ठरलं.

सोमवारी मी काचवाल्याला घेऊन गेले. किल्ली माझ्याकडेच होती. धाकट्या खोलीत गालिचा पुन्हा खिडकीवर होता. त्याच्यावर एजेंच्या दोन रजया, त्यावर हिवाळी कोट, आणि सगळ्याला टेकवून लोखंडी खाट उभी केलेली. काचवाल्याला वाटलं थंडीसाठी असेल. त्याने सगळं बाजूला केलं, अंगाला दोर बांधून बाहेर वाकला आणि दुहेरी लांबी भरली. आत आल्यावर विचारलं, इथे बाहेरून कोण काम करत होतं. मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, आहे कुणीतरी, आणि घाईत नाही.

तो गेल्यावर मी गालिचा होता तसा परत ठोकला.

एजे त्या घरी परतल्या नाहीत. मुलगी त्यांना तोक्मोकला घेऊन गेली. चौदा महिन्यांत, आधी पाव, मग पावाचा पाव, असं करत त्यांची गोळी सुटली. त्या आता काठीशिवाय बाजारात जातात. फोन आला की आधी माझी विचारपूस करतात, मग गप्प होतात. मी सांगते, तिचंही कमी होतंय. महिन्याला थोडं. माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा मी कसा आणि कुठून करते, ते इथे लिहिणार नाही.

काल मी इमारतीच्या त्या बाजूने गेले, जिथे एरवी कुणी जात नाही. भिंत सपाट, वर चढायला काही नाही. तिसऱ्या मजल्यावर नवी लांबी पांढरी दिसत होती, वरची कड आणि डावी कड. उजवी कड अर्ध्यापर्यंत. तिथून खाली लाकूड होतं.

मी मान वर करून उभी होते, तेव्हा गालिच्याची कड बोटभर सरकली. आतून एक हात काचेपाशी आला आणि मला दोनदा, घाईघाईने, बस म्हणाला. खाली बस.

मी बसले.